उजवीकडची मानाची जागा

प्रिय दादा,

खरं तर 'तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार' असं लिहायला हवं. पण तसं लिहिलं असतं तर तू कागद हातात धरून आधी पोटभर हसला असतास, म्हणून साधंच लिहिते.

मांडवात हळद चालली आहे. उद्या सुशीचं लग्न, घाटावर, मावळात. आपल्या मामाची सुशी, जिला तू खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचास, ती! एवढीशी पोर नवरी झाली बघ. बायका जात्याभोवती बसून गाणी म्हणतायत, आणि मी मागच्या पडवीत एकटी बसून तुला लिहिते आहे. मी हळदीला हात लावायचा नाही असं ठरलंय. का, ते पुढे सांगते.

आज लिहायचं कारण निराळंच आहे. तुझी गाडी अंगणात उभी आहे. तीच, अमेरिकन लॉरी. चौक गावच्या गॅरेजवाल्याने ठोकून ठोकून तिचा पत्रा सरळ केला, वर लाल-पिवळा रंग दिला. बॉनेटला आंब्याचे टहाळे बांधलेत. उद्या सकाळी ती वऱ्हाड घेऊन बोरघाट चढणार, आणि पुढे उजवीकडच्या जागेवर मामा बसणार आहे.

वाचलंस ना? मामा!

सकाळपासून पोरं त्या गाडीवर चढून भोंगा वाजवतात, आणि दर वेळी मी दचकून उभी राहते. घरात कोणाला त्याचं काही वाटत नाही. आई तेवढी एकदा पदर तोंडाला लावून आत गेली.

आठवतं का, लढाई संपली आणि तू आसामातून आलास? ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमेरिकन पलटणींच्या गाड्या चालवून आलास. आम्हाला वाटलं, भाऊ परत आला. आला तो निम्मा अमेरिकन! डोळ्यांवर काळा गॉगल, शिटीवर कसलंसं परकं गाणं, ट्रंकेत साबणाच्या वड्या आणि रंगीत मासिकांची चळत. आईला तू तो चघळायचा गोंद दिलास. बिचारी दुपारभर चावत बसली आणि शेवटी वैतागून म्हणाली, "अरं, संपतच नाय रं हे! गिळायचं तरी कवा?"

त्या मासिकांतली चित्रं तू देव्हाऱ्याच्या शेजारच्या भिंतीला डकवलीस. पांढरी पेटी, तिच्यात बर्फ, दूध, कोंबडी, सगळं एकत्र. पेटीचं दार धरून एक गोरी बाई बत्तीशी दाखवत उभी. बाहेर लांबलचक मोटार आणि तिला पुसणारा तिचा नवरा. तू सांगायचास की तिकडे साध्या कारखान्यातल्या कामगाराच्या घरीही हे सगळं असतं, संध्याकाळी नवराबायको मोटारीतून सिनेमाला जातात. आई त्या बाईकडे बघून विचारायची, "एवढी कशाला हसते रं ही? दूध नासलं नाय म्हणून?"

आपल्याकडे तेव्हा काय होतं? पिकवलेला तांदूळ सरकारी लेव्हीत जायचा आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो, ती लालसर ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना आई अमेरिकेचा उद्धार करायची. आणि तू गाडी आणलीस त्या दिवशी तर तिने ओवाळायचं ताट तसंच खाली ठेवलं. "एका गोळ्यात आख्खं गाव जाळणाऱ्यांची वस्तू ही. दारात नको रं," म्हणाली. तू हसलास. म्हणालास, "आय, बाँब टाकणारा येगळा, गाडी बनवणारा येगळा." मग तिने ओवाळलं, पण गाडीला नाही, तुलाच.

लढाईतून उरलेल्या शेकड्यांनी गाड्या सरकारने विकायला काढल्या होत्या, त्यांतली ही एक. हिरवा लष्करी रंग, आणि दरवाजावर पांढरी चांदणी. सगळ्यांनी सांगितलं, ती खरवडून तिथे देवाचं नाव घाल. तू घातलं नाहीस.

पण मला पहिल्या दिवसापासून भीती वाटली ती त्या चांदणीची नव्हे, स्टिअरिंगची. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने धावतात, म्हणून ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे रस्ता डाव्या अंगाने. म्हणजे ह्या गाडीत तू बसायचास गटाराच्या बाजूला, आणि पुढची गाडी ओलांडायची झाली तर पलीकडून काय येतंय ते तुला दिसायचंच नाही! ते दिसायचं उजवीकडे बसलेल्याला. म्हणून तू सोमाला घेतलंस.

आपल्या डोंगराकडच्या वाडीतला सोमा, कातकरी. तुझ्यापेक्षा वयाने मोठा, बायकामुलांचा धनी, आणि तोंडाचा पट्टा असा की विचारू नये. सिनेमाची गाणी बेसूर म्हणायचा, अधूनमधून झिंगून यायचा, मग तू त्याला शिव्या घालून गाडीच्या मागे झोपवायचास आणि त्या दिवशी गाडीच काढायचा नाहीस. शुद्धीवर असला की मात्र तो निम्मा खिडकीबाहेर असायचा. "हाय मोकला! चल!" नाहीतर "थांब थांब, येतंय!" तो 'चल' ओरडला की तू गाडी पुढे काढायचास, तो गप्प राहिला की मागेच राहायचास. कोळसा भरून किती वेळा तो घाट चढलात दोघं! कधी ओरखडाही आला नाही.

गावात कुजबुज होतीच. कातकरी पुढे बसतो, आपण मागे कोळशाच्या पोत्यांवर! तू एकदा मला आसामातल्या ज्योची गोष्ट सांगितली होतीस. तुला ही डावीकडची गाडी शिकवणारा काळा अमेरिकन शिपाई. त्यांच्या छावणीत गोऱ्यांची जेवणाची जागा निराळी, काळ्यांची निराळी. तू म्हणालास, "मला वाटलं, तिकडं पेटीत बर्फ हाय म्हंजी सगळंच ब्येस आसंल. कुठलं गं! तिथंबी पंगती येगळ्याच." मग जरा थांबून म्हणालास, "पन ज्यो सांगायचा, गाडीत पंगत नसती. ज्याला रस्ता दिसतो त्यानं सांगायचं."

किती शहाणं बोलला होतास! आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा कुठे गेलं ते शहाणपण?

स्वातंत्र्याच्या दिवशी तूच गाडी सजवलीस. आम्ही सगळे मागे उभे राहून कर्जतला गेलो. पुढे सोमा, खिडकीतून झेंडा धरून. आणि मामा? मामा आमच्यात, मागे, पोरासारखा घोषणा देत होता! उतरल्यावर त्याने स्वतःच्या हाताने सोमाला पेढा दिला. मला त्या दिवशी खरंच वाटलं होतं की आता सगळं बदललं.

मग माझं लग्न ठरलं.

आदल्या संध्याकाळी तू विहिरीवर आलास आणि हळूच म्हणालास, "तारे, मामाचं डोळं गेलंत गं. मला आता आवाजावरनं वळखतो." मी म्हटलं, अरे, मग उद्या सोमालाच पुढे बसव! तर तू माझ्याकडे असं बघितलंस की मीच काही पाप बोलले. "लग्नाच्या दिवशी मामाला मागं बसवू आन कातकऱ्याला पुढं? बा मेल्यावर ज्यानं आपल्याला पोसलं, त्याला?" मी म्हटलं, त्याला खरं कारण सांग. तू म्हणालास, "त्याला आंधळा म्हनू?"

भीड ही भिकेची बहीण, असं आईच आपल्याला शिकवायची ना रे? भिकेवर भागलं असतं दादा. आपण काय, भीकही मागून खाल्ली असती.

लग्नात मामाचा मान मोठा. त्याला पुढची जागा, तीही उजवीकडची, कारण आपल्या लोकांच्या मते गाडीत उजवीकडे बसतो तो धनी. मामा फेटा बांधून, काठी दोन गुडघ्यांत धरून बसला. सोमाला वाईट वाटलं म्हणावं तर तसंही नाही. मागे लाडवांची टोपली होती, तो खुशीत होता. "मी मागनं टपावर हात मारीन. येक मारला की थांब, दोन मारलं की चल," असं तुमचं ठरलं. तुम्ही दोघं शहाणे! वऱ्हाडात ताशेवाले असतात, हे तुमच्या डोक्यात कसं आलं नाही?

मी कॅबिनच्या मागच्या झरोक्याला टेकून बसले होते. त्याला काच नव्हती. तुझी मान दिसत होती आणि मामाचा फेटा. खोपोली मागे पडली, चढ लागला, ताशेवाल्यांना चेव आला. पुढे एक बैलगाडी रखडत चालली होती. तू विचारलंस, "मामा, मोकला हाय का?"

मामाने मान वळवली नाही. खिडकीबाहेर वाकणं तर लांबच, फेटा बांधलेला माणूस कुठे वाकतो? त्याने नुसता हात वर केला, चल म्हणून. मागे सोमा टपावर बुक्क्यांवर बुक्के मारत होता. मी स्वतः त्याचा हात बघितला. पण ताशात ते कोणाला ऐकू जाणार? मी किंचाळले, तेही त्यातच बुडालं.

आणि तू? तुला माहीत होतं की त्या हाताला काही दिसत नाही. तुझी मान क्षणभर त्याच्याकडे वळली, मी पाहिलं. मग तू निघालास. का निघालास रे? बैलगाडीमागून रखडत गेलो असतो तर काय मुहूर्त टळला असता? की त्याने हात वर केल्यावर थांबणं म्हणजेच त्याला आंधळा म्हणणं झालं असतं?

बैलगाडी मागे पडली आणि वळणावरून लॉरी आली. तू गाडी डावीकडे घातलीस, तासलेल्या कड्यावर, स्वतःच्या अंगावर. तुझ्या बाजूचा दरवाजा चांदणीसकट आत गेला. मागे आम्हा सगळ्यांना खरचटलं. मामाचा फेटा तेवढा पडला.

त्यानंतर लोक काय काय बोलले, ते ऐकायला तू नव्हतास म्हणून बरं. कोणी म्हणालं, घाटातल्या शिंगरोबाला पैसा टाकला नाही, म्हणून झालं. अरे, शिंगरोबाचं देऊळ पुढेच राहिलं होतं! कोणी म्हणालं, बाँबवाल्यांची गाडी, रक्त पिणारच. सोमा प्यायला होता असंही उठवलं. त्या दिवशी त्याने लाडवाशिवाय कशाला तोंड लावलं नव्हतं. आणि शेवटी सगळ्यांना पटेल असं कारण सापडलं. नवरा मुलगा घाटावर मांडवात वाट बघत होता, त्याच्या घरच्यांनी निरोप पाठवला की मुलगी पांढऱ्या पायाची आहे, आम्हाला नको.

तेव्हापासून मी पांढऱ्या पायाची. म्हणून हळद नाही, तेलवण नाही, ओटी नाही. सुवासिनी समोरून आल्या की मीच बाजूला होते, त्यांना त्रास नको.

मामाबद्दल मी वाईट लिहिणार नाही. तू गेल्यावर तो आम्हा दोघींना घरी घेऊन आला. तुझं नाव निघालं की अजून लहान मुलासारखा रडतो, आणि म्हणतो, विधिलिखित. त्याला खरंच तसंच वाटतं. आता त्याचे डोळे पुरते गेलेत, आणि ते घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. उंबरा पायाने चाचपतो. परवा त्याच्यासमोर पेला ठेवला तर त्याचा हात पेल्याच्या शेजारी जमिनीवर फिरत राहिला, आणि आईने मुकाट्याने पेला उचलून त्या हातात दिला. काल माझ्याकडे तोंड करून त्याने विचारलं, "कोन हाय गं तिथं?" मी हाताच्या अंतरावर उभी होते. सगळे बघतात, सगळे सावरतात, कोणी बोलत नाही.

नवा ड्रायव्हर मुंबईचा आहे. आपल्या सरळ, उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या चालवलेला, घाटात कधी न गेलेला. मी त्याला विचारलं, डावीकडून तुम्हाला दिसेल का? तो हसला. "मामा बसतायत ना बाजूला? ते सांगतील तसं."

आज सकाळी सोमा आला होता, स्वयंपाकाला कोळसा घेऊन. तू गेल्यापासून तो गाडीवर चढलेला नाही, कशेळ्याच्या रानात कोळशाच्या भट्ट्या लावतो. पोती उतरवून गाडीकडे बघत उभा राहिला. नव्या रंगावरून हात फिरवून दरवाजा चाचपला.

"पुढं कोन बसनार, तारूबाय?"

"मामाच."

तो थुंकला आणि म्हणाला, "मंग मी हितं थांबत नाय. मला पुन्यांदा बघायचं नाय."

मी म्हटलं, "सोमा, तू बस ना रे पुढे!"

"मानसाला उठवून मी नाय बसनार. त्या दिशीबी नाय बसलो, आताबी नाय. जागा रिकामी आसंल तर बसंन." पोती झटकत तो मांडवाच्या टोकाला जाऊन बसला. थांबत नाही म्हणाला, पण अजून तिथेच आहे.

मी आईला गाठलं. म्हटलं, तू तुझ्या भावाला सांग, घाटात पुढे बसू नको म्हणून. ती पोळ्या लाटत होती, लाटणं तसंच थांबलं. म्हणाली, "गप ऱ्हा. भाकरी कुनाची खातेस? घर कुनाचं हाय?" मी म्हटलं, दादा कशाने गेला ते तुला ठाऊक आहे ना? तिने माझ्याकडे पाहिलं. ठाऊक आहे, दादा. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ती पुन्हा पोळी लाटायला लागली आणि ती पोळी काही केल्या गोल होईना.

आणि मघाशी सुशी आली, हळदीने पिवळीधमक, बायकांची नजर चुकवून. माझ्या गालाला हळद लावायला निघाली होती वेडी! मी हात धरला. म्हणाली, "तायडे, बाबा म्हनतात, उद्या माज्या मांडीशी बस. मी पुढं बसनार, बाबांच्या न् ड्रायवरच्या मधी!" केवढी खूश होती. तिला काही सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिला हाक आली.

ती गेली आणि मी लिहायला बसले. लिहिता लिहिता सोमाचं बोलणं पुन्हा पुन्हा कानात येतंय. जागा रिकामी आसंल तर.

जागा रिकामी कशी करायची, हे मला कळलंय दादा.

उद्या सकाळी गाडीपुढे नारळ फुटायच्या आधी मी मांडवातून, सगळ्या सुवासिनींच्या मधून चालत जाणार आणि पुढच्या उजव्या जागेवर चढून बसणार. नुसती बसणार नाही, चांगली मांडी घालून, पाय वर घेऊन बसणार. ओरडतील, शिव्या देतील, हाताला धरून खाली ओढतील. ओढू देत. पण पांढऱ्या पायाची जिथे बसली, त्या जागेवर नवरी बसणार नाही. तिचा बापही बसणार नाही. फेटेवाला कोणीच बसणार नाही. 'विटाळली जागा, आता तिथे त्या कातकऱ्यालाच बसवा,' असं त्यांच्यातलाच कोणीतरी म्हणेल, बघशील तू. आणि गाडीच नको असं ठरलं, तर कर्जतहून आगगाडी आहे. तीही घाट चढते.

मामा आम्हाला घराबाहेर काढेल. आईचं काय करू, ते अजून सुचलेलं नाही. मला भीती वाटते आहे. पण तू ती गाडी कड्याकडे वळवलीस तेव्हा तुला भीती वाटली नसेल का?

एवढं वचन घे. सुशी उद्या घाट चढेल आणि धडधाकट उतरेल. आणि मामाला दिसत नाही, ही गोष्ट माझ्या तोंडून उद्या निघणार नाही, कधीच निघणार नाही. तू त्याची अब्रू जीव देऊन राखलीस. मी माझ्या नावाने राखते. माझं नाव तसंही आता कुणाच्या उपयोगाचं नाही.

अंगणात परत भोंगा वाजला. ह्या वेळी मी उठले नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझी तारा